घरच्या संगणकावर जर्मन इंडस्ट्रियल मेटल: लोखंडी रिफ आणि इलेक्ट्रॉनिक पॉपची चकाकी

रामश्टाइन, ऊम्फ!, मेगाहेर्त्स किंवा आइसब्रेशर हे जर्मन बँड ऐकून ज्यांना स्वतः असं गाणं करावंसं वाटतं, त्यातले बरेच जण गिटारचा आवाज फाटका करणारी डिस्टॉर्शनची कळ शेवटपर्यंत फिरवून सुरुवात करतात. मग गिटारचे चार-सहा थर रचतात, वर सिंथ (सिंथेसायझर) टाकतात, ड्रमचा आवाज वाढवतात. हाती येतो तो गढूळ गोंगाट. या संगीताचं वजन फार थोड्या सुरांतून आणि नेमक्या जागी थांबण्यातून येतं. त्याला पॉपसारखी चकाकी येते, कारण प्रत्येक वाद्य आपल्या जागेवर वाजतं आणि दुसऱ्याची जागा मोकळी सोडतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत.

उदाहरणादाखल एकच गाणं धरून चालू: पट्टी डी मायनर, वेग मिनिटाला १२० बीट, चार-चारचा ठेका. या वेगात एक बीट ५०० मिलिसेकंदांचा, सोळाव्या भागाचा सूर (पाव बीट) १२५ मिलिसेकंदांचा आणि एक बार (चार बीटचा तुकडा) २ सेकंदांचा. हे आकडे पुढे सतत लागतील.

आधी कान तयार करा

हा बाज कुठून आला हे माहीत असलं, की काय ऐकायचं ते कळतं. ड्युसेलडॉर्फमध्ये १९७८ला सुरू झालेल्या डाफ या बँडने पुढे सीक्वेन्सरवर (सूर क्रमाने आपोआप वाजवणाऱ्या यंत्रावर) फिरणारी बेसची ओळ, खरे ड्रम आणि हुकमी आवाज एवढ्याच भांडवलावर गाणी उभी केली. त्याच शहरात १९८०मध्ये सुरू झालेल्या डी क्रुप्सने पोलादावर ठोकून ताल काढला आणि नव्वदीच्या सुरुवातीला त्यात मेटलच्या गिटार आणल्या. व्होल्फ्सबुर्गचा ऊम्फ! १९८९चा, म्युनिकचा मेगाहेर्त्स १९९३चा, बर्लिनचा रामश्टाइन १९९४चा. १९९५मध्ये रामश्टाइनचा पहिला अल्बम आला आणि संगीतविषयक पत्रकारांनी या प्रवाहाला ‘नॉय डॉयचे हेर्टे’ (नवा जर्मन कठोरपणा) हे नाव दिलं. पुढे मेगाहेर्त्समधून बाहेर पडलेला गायक आलेक्झांडर वेसेल्स्की आणि नोएल पिक्स यांनी २००३मध्ये आइसब्रेशर सुरू केला. सिंथ आणि गिटार इतक्या गुळगुळीत सांध्याने जोडलेले फार थोड्या ठिकाणी ऐकायला मिळतात. त्यांचा २०१७चा अल्बम जर्मन यादीत पहिल्या क्रमांकावर पोचला, यावरून या चकाकीला तिथे किती श्रोते आहेत हे समजावं.

या तीन-चार बँडांचं प्रत्येकी एक गाणं घ्या आणि हेडफोनवर तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) आणि स्नेअर (खणखणीत छोटा ड्रम) यांच्याकडे लक्ष द्या. दुसऱ्यांदा गिटार कुठे *थांबते* ते टिपा. तिसऱ्यांदा त्या थांबलेल्या जागेत काय ऐकू येतं ते लिहून काढा. बहुतेक वेळा तिथे सिंथची धडधड किंवा एखादा छोटा यांत्रिक आवाज सापडेल. हा अभ्यास टाळू नका. कोणत्याही प्लगइनपेक्षा (रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायच्या पूरक प्रोग्रामपेक्षा) तो जास्त कामाला येतो.

सामान

मध्यम ताकदीचा संगणक, दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस, हंबकर पिकअपची (दुहेरी गुंडाळीच्या, कमी गुणगुणणाऱ्या पिकअपची) कोणतीही धड गिटार, एक माइक आणि बंद पाठीचे हेडफोन एवढं पुरतं. रेकॉर्डिंगसाठी रीपर हे सॉफ्टवेअर स्वस्तात मिळतं. हॅम्बुर्गच्या स्टाइनबेर्गचं क्यूबेस आणि बर्लिनचं एबलटन लाइव्ह हेही चालतील. सिंथसाठी सर्ज एक्सटी फुकट आहे, व्हायटलचीही फुकट आवृत्ती आहे. गिटारच्या अँपच्या (अँप्लिफायरच्या) जागी न्यूरल अँप मॉडेलर फुकट मिळतो. अक्सेसचा व्हायरस सिंथ आणि केम्पर प्रोफायलर ही दोन्ही यंत्रं ज्या क्रिस्टोफ केम्परने घडवली, तो माणूस जर्मन. त्यांच्या किमती पाहून मात्र खचून जाऊ नका, या कामासाठी ती यंत्रं लागतातच असं नाही.

पायरी १: यंत्राची नाडी

गिटार बाजूला ठेवा. पहिली ओळ सीक्वेन्सरची.

सिंथमध्ये दोन सॉ ऑसिलेटर (करवतीच्या दातांसारखी लहर काढणारे) घ्या, एकाला ५ ते ७ सेंट (अर्धस्वराचे शंभरावे भाग) सरकवा. खाली एक ऑक्टेव्ह उतरवलेली साइन लहर जोडा. सिंथ मोनो मोडवर ठेवा, म्हणजे एका वेळी एकच सूर वाजेल. २४ डीबीचा (डेसिबलचा) लो-पास फिल्टर, म्हणजे वरचे स्वरांश अडवणारी चाळणी, सुमारे ३०० हर्ट्झवर आणा आणि फिल्टरच्या एन्व्हलपचा डिके (उघडलेला फिल्टर परत मिटायला लागणारा वेळ) १५० मिलिसेकंदांच्या आसपास ठेवा. आता एका बारच्या सोळा घरांत सोळा सूर भरा, सगळे डी. प्रत्येक सुराची लांबी घराच्या ६० ते ७० टक्केच ठेवा, म्हणजे सुरांमध्ये हवा राहील. १, ५, ९ आणि १३ या घरांवर व्हेलॉसिटी (सुराचा जोर) जास्त, मधल्यांवर कमी. ही व्हेलॉसिटी फिल्टरला जोडली, की एकाच सुराची ओळ श्वास घ्यायला लागते. शेवटी चौथ्या, सातव्या आणि बाराव्या घरातला सूर एक ऑक्टेव्ह वर न्या.

ही ओळ नुसती किकसोबत दोन मिनिटं वाजवून ठेवा. डोकं आपोआप हलायला लागलं तर पुढे जा. हललं नाही, तर वर गिटार टाकूनही गाणं उभं राहणार नाही. आधी सुरांची लांबी बदलून पाहा, कारण दोष बहुधा तिथेच असतो.

एक अडचण आधीच सोडवून ठेवा. गिटारच्या खालच्या डीची कंपनसंख्या ७३.४ हर्ट्झ, त्याखालच्या सिंथच्या डीची ३६.७. फोनच्या स्पीकरमधून यातलं काहीच बाहेर पडत नाही. म्हणून बेसच्या ट्रॅकवर थोडं सॅच्युरेशन (हलकं डिस्टॉर्शन) द्या. त्याने वरचे स्वरांश तयार होतात आणि लहान स्पीकरवरही बेस आहे असं कानाला वाटतं.

पायरी २: रिफ

रिफ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा. गिटारची सहावी तार ईवरून डीवर उतरवा. हे ड्रॉप डी ट्यूनिंग. यात खालच्या तीन तारांवर एकच बोट आडवं ठेवलं की पॉवर कॉर्ड (मूळ सूर आणि त्याचा पंचम एकत्र) होते. तार सैल पडते, म्हणून ५२ किंवा ५४ची जाड सहावी तार लावा आणि रेकॉर्डिंगआधी तारा नव्या असू द्या. अजून खोल हवं असेल तर सगळं आणखी दोन अर्धस्वर उतरवून ड्रॉप सी करता येतं, पण मग पट्टीही बदला.

बारचे आठ भाग करा. पहिल्या तीन भागांवर मोकळी डी, उजव्या तळव्याने दाबून. चौथा भाग रिकामा. पाचव्या-सहाव्यावर पुन्हा दाबलेली डी. सातव्यावर पहिल्या पडद्याचा ई फ्लॅट, न दाबता. आठवा रिकामा. एवढाच रिफ! सगळे फटके वरून खाली. खाली-वर पिकिंग केलं की प्रत्येक दुसरा फटका हलका पडतो आणि यंत्राचा भास मोडतो. चौथ्या आणि आठव्या भागातल्या शांततेत पायरी १मधली बेसची ओळ उघडी पडते. त्या क्षणी श्रोत्याला यंत्र दिसतं. तिथे आणखी सूर भरायचा मोह होईल. तो दाबून टाका.

डी आणि ई फ्लॅट हे शेजारचे सूर एकमेकांना घासतात, रिफमधला धाक तिथून येतो. रंग बदलायचा असेल तर चौथ्या बारमध्ये तिसऱ्या पडद्याचा एफ घ्या.

आता रेकॉर्डिंग. गिटार थेट इंटरफेसमध्ये, शिखर (आवाजाची सर्वांत उंच पातळी) उणे १२ डीबीच्या आसपास. अँपचा गेन (डिस्टॉर्शनचं प्रमाण) आधी आवडेल तेवढा ठेवा आणि मग एक तृतीयांश कमी करा. कमी गेनमध्ये पिकचा टोकदार आघात शिल्लक राहतो आणि दोन गिटार एकत्र आल्या की भरीवपणा येतोच. रिफ दोनदा स्वतंत्र वाजवा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. एकच रेकॉर्डिंग कॉपी करून चालत नाही. दोन वादनांमधल्या बारीक फरकातूनच रुंदी तयार होते. तिसरा-चौथा थर मी सहसा घेत नाही.

नंतरचं काम कंटाळवाणं आहे आणि तरीही फार महत्त्वाचं: प्रत्येक शांततेच्या जागी दोन्ही ट्रॅक हाताने कापा, कडेला ५ मिलिसेकंदांचा फेड द्या. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं साधन) लावाच, पण त्याच्या भरवशावर राहू नका. शांतता धारदार असेल तरच पुढचा फटका जड वाटतो.

बेस गिटार असेल तर तिचा १५० हर्ट्झखालचा भाग काढून टाका, उरलेल्याला डिस्टॉर्शन द्या आणि दोन गिटारांच्या मधोमध ठेवा. तळ सिंथचा, दात बेस गिटारचे.

पायरी ३: ड्रम आणि लोखंड

किक प्रत्येक बीटवर, स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्यावर. दोन्ही पायांनी वाजवायच्या डबल बेस ड्रमचा मारा इथे नको. किकसाठी दोन नमुने (आधी रेकॉर्ड केलेले आवाज) एकत्र करा: एक खऱ्या ड्रमचा, टोकासाठी, एक इलेक्ट्रॉनिक, ५० ते ६० हर्ट्झच्या पोटासाठी. दोन्हींची लहर एकाच दिशेने सुरू होते का ते झूम करून बघा, उलटी असेल तर पोट नाहीसं होतं. स्नेअरला मोठा रिव्हर्ब (खोलीसारखा घुमारा) देऊन तो गेटने २०० मिलिसेकंदांत छाटा.

लोखंडाचे आवाज विकत घेण्याऐवजी स्वतः गोळा करा. दुकानाचं शटर, पत्र्याची पेटी, गॅलरीचा गज, बिडाचा तवा, फोनवर रेकॉर्ड केलं तरी चालतं. आवाज एक ऑक्टेव्ह खाली उतरवा, शेपूट कापा आणि दर दुसऱ्या बारच्या शेवटी एकदाच वाजवा. डी क्रुप्सच्या युर्गन एंगलरने पोलादी तुकड्यांचं स्वतःचं वाद्य बनवलं होतं, त्या परंपरेला हे धरूनच आहे.

पायरी ४: कोरस उघडणं

पॉपची चकाकी सगळ्यात जास्त कोरसमध्ये, म्हणजे ध्रुवपदात, दिसते. कडव्यात एकाच सुरावर दाबून ठेवलेलं गाणं इथे मोकळं होतं. डी मायनर, बी फ्लॅट, एफ, सी ही चार कॉर्डची साखळी घ्या, प्रत्येकी एक बार. ड्रॉप डीमध्ये हे अनुक्रमे मोकळी तार, आठवा, तिसरा आणि दहावा पडदा. तळवा उचला, कॉर्ड पूर्ण वाजू द्या. गिटारची शांतता इथे संपते, म्हणून सिंथ बेसनेही आपली चाल बदलायला हवी: सोळाऐवजी आठ सूर, कॉर्डच्या मूळ सुरावर.

वर दोनच गोष्टी: तंतुवाद्यांचा किंवा समूहगायनाचा पॅड (मागे लांबवलेल्या सुरांचा पडदा), आणि चार-पाच सुरांची एक सिंथची धून, जी लहान मूलही गुणगुणू शकेल. रामश्टाइनने २००१च्या ‘मुटर’ अल्बमसाठी बाबेल्सबर्गच्या जर्मन फिल्म ऑर्केस्ट्राकडून तंतुवाद्यं वाजवून घेतली. आपल्याकडे नमुन्यांचा संच असतो, तेव्हा तो फार खाली उतरवू नका. २०० हर्ट्झखाली पॅडचं काहीही काम नाही.

कोरसआधीच्या शेवटच्या बीटवर सगळं बंद करा. पूर्ण अर्धा सेकंद. गायकाचा श्वास तेवढा राहू द्या.

रचनेचा एक पक्का आराखडा, बारच्या हिशोबात: सुरुवात ८, कडवं १६, कोरसकडे नेणारी चढण ४, कोरस १६, नुसता रिफ ४, कडवं १६, चढण ४, कोरस १६, मधला शांत भाग ८, शेवटचा कोरस १६, शेवट ४. एकूण ११२ बार, म्हणजे ३ मिनिटं ४४ सेकंद. गिटार सोलोला यात जागा ठेवलेली नाही. मधल्या शांत भागात फक्त पॅड, कुजबुजता आवाज आणि फिल्टर हळूहळू उघडत जाणारी बेसची ओळ ठेवा.

पायरी ५: आवाज आणि जर्मन उच्चार

कडवं जवळजवळ बोललेलं, खालच्या पट्टीत, माइकपासून १० ते १५ सेंटीमीटरवर. ओरडू नका. रामश्टाइनचा गायक टिल लिंडेमानच्या आवाजातला धाक तो शांत असतानाच सगळ्यात जास्त जाणवतो. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्यासमोर उभं राहा, पाठीमागे जाड गोधडी टांगा, खोलीचा घुमारा बराच कमी होतो. तेच कडवं पुन्हा नुसतं कुजबुजून रेकॉर्ड करा आणि मुख्य आवाजाखाली १२ डीबी खाली ठेवा. कोरस गाऊन घ्या: एक मध्यभागी, दोन बाजूंना, आणि एक ऑक्टेव्ह खाली.

मराठी माणसाला जर्मन उच्चारांत काही गोष्टी आयत्याच मिळाल्या आहेत. जर्मन ‘त्स’ म्हणजे जवळजवळ आपल्या ‘चमचा’मधला च, ‘वेळ’ या अर्थाचा ‘त्साइट’ म्हणताना इंग्रजी बोलणाऱ्यांची जीभ अडते, आपली अडत नाही. रंगमंचावरचा लिंडेमानचा र जिभेच्या टोकाने घोळवलेला असतो, आपला र त्याला जवळ आहे, थोडा लांबवा. ‘नाख्त’मधला (रात्र) ख घशातून घासत येतो, ‘ख़बर’सारखा. ‘इश’मधला (मी) शेवटचा आवाज मात्र श आणि ह यांच्यामधला आहे: ‘ही’ म्हणायला तोंड उघडा आणि फक्त हवा सोडा.

कष्ट घ्यावे लागतात ते दोन स्वरांवर. ओठ ‘ऊ’चे ठेवून जीभ ‘ई’ची ठेवायची, आणि ओठ ‘ओ’चे ठेवून जीभ ‘ए’ची. शब्दाच्या शेवटचे ब, द, ग कठोर होतात: मृत्यूला ‘टोट’, दिवसाला ‘टाक’. आणि हा ट आपल्या ट किंवा त या दोन्हींपेक्षा वेगळा, दातांमागच्या हिरडीवर जीभ टेकवून आणि थोडी हवा सोडून येतो. पुण्या-मुंबईत माक्स म्यूलर भवनात शिकणारं कोणी ओळखीचं असेल तर रेकॉर्डिंगआधी ओळी वाचून दाखवा.

शब्द लिहिताना वाक्यं लहान, आज्ञार्थी, एका श्रोत्याला थेट उद्देशून. याच बाजात मराठीतही गाणं होऊ शकतं, आणि ते कोणीतरी करावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. थांब, ऐक, राख, घाव, दार, भिंत असे व्यंजनावर आदळून थांबणारे शब्द मराठीत मुबलक आहेत. रिफच्या रिकाम्या जागेआधी असा शब्द ठेवून बघा.

एक गोष्ट गांभीर्याने घ्या. लष्करी ठेका, गणवेश, हुकमी आवाज यांच्यामुळे या बँडांवर जर्मनीत राजकीय प्रश्न उठले आहेत. रामश्टाइनने १९९८मध्ये एका गाण्याच्या व्हिडिओत नाझी काळातल्या चित्रपटकार लेनी रीफेन्श्टाल यांच्या १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकवरील चित्रपटातली दृश्यं वापरली, त्यावर मोठी टीका झाली. २००१मध्ये ‘लिंक्स २ ३ ४’ या गाण्यातून बँडने आपलं हृदय डावीकडे, म्हणजे डाव्या विचारांच्या बाजूला, असल्याचं सांगितलं. ज्या देशात हे घडलं तिथे नाझी चिन्हं मिरवणं हा गुन्हा आहे. तेव्हा मुखपृष्ठ किंवा व्हिडिओसाठी चित्रं निवडताना इतिहास वाचून निवडा, ‘दिसायला भारी’ हे कारण पुरेसं धरू नका.

पायरी ६: मिक्स

सुरुवात चार गोष्टींपासून: किक, सिंथ बेस, दोन गिटार, मुख्य आवाज. एवढ्यावर गाणं पूर्ण वाटलं पाहिजे. बाकी ट्रॅक तोवर म्यूट.

गिटारचा ९० हर्ट्झखालचा आणि १० किलोहर्ट्झवरचा भाग कापा. एकटी ऐकताना ती बारीक वाटेल. सोलो बटण दाबून निर्णय घेऊ नका, तळाची जागा सिंथची आहे. सिंथ बेसवर किकला जोडलेला साइडचेन कॉम्प्रेसर (किक वाजली की बेस तेवढ्यापुरता दाबणारं साधन) लावा, ३ ते ४ डीबी दबेल एवढा, रिलीज (दाब सुटायला लागणारा वेळ) १०० मिलिसेकंदांच्या आसपास. सोळाव्या भागाचा सूर १२५ मिलिसेकंदांचा असल्यामुळे पुढच्या सुरापर्यंत बेस परत वर येतो. रिलीज यापेक्षा लांबला तर सगळी ओळ दमल्यासारखी ऐकू येते. गिटारच्या २ ते ४ किलोहर्ट्झ पट्ट्याला गायनाच्या साइडचेनने २ डीबी दबू द्या, शब्द आपोआप पुढे येतील.

जर्मन शब्दांत स, श, त्स भरपूर, म्हणून डी-एसर (स-श यांची शिट्टी दाबणारं साधन) जवळपास नेहमी लागतो, ६ ते ८ किलोहर्ट्झच्या आसपास. मात्र व्यंजनांची धार पूर्ण मारू नका, ती धार म्हणजे या गाण्याचं तालवाद्यच आहे. आवाजावर दोन कॉम्प्रेसर हलके ठेवा, एकच जड नको.

कडव्यात रिव्हर्ब जवळजवळ शून्य. कोरसमध्ये प्लेट रिव्हर्ब आणि ३७५ मिलिसेकंदांचा डिले, म्हणजे पाऊण बीट. कोरस ‘उघडतो’ असं जे वाटतं, त्यातला मोठा वाटा या कोरड्या-ओल्या फरकाचा. ड्रमचा एक समांतर ट्रॅक करून तो जोरात दाबा आणि मूळ ड्रमखाली हळूच मिसळा.

मग पूर्ण मिक्स मोनो करून, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, ऐका. गिटार खूप मागे गेल्या, तर पायरी २मधली दोन वादनं एकमेकांना खात आहेत. त्यातलं एक वेगळ्या पिकअपवर किंवा वेगळ्या अँपवर घ्या.

पायरी ७: मास्टर आणि फाइल

या बाजाचे अल्बम जोरातच असतात. तरी उणे ९ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारी सरासरी मोठाई मोजायचं एकक) पुढे जाऊ नका, शिखर उणे १ डीबीवर रोखा. स्पॉटिफायसारख्या सेवा गाणी साधारण उणे १४ला आणून वाजवतात, म्हणजे जास्त चिरडलेलं गाणं तिथे मोठं वाजत नाही, फक्त सपाट होतं. लिमिटर (शिखर रोखणारं साधन) ३ डीबीपेक्षा जास्त काम करत असेल तर मिक्सकडे परत जा आणि आधी किकची शेपूट आखूड करा.

शेवटी चार प्रकारच्या फाइली काढा: पूर्ण गाणं, गायकाचा आवाज १ डीबी वर असलेलं, गायनाशिवायचं, आणि ड्रम, बेस, गिटार, सिंथ, गायन असे वेगळे ट्रॅक. सगळ्या २४ बिट वेव्हमध्ये, सगळ्यांची सुरुवात पहिल्या बारपासून, आणि नावात पट्टी व वेग लिहिलेला. उद्या कोणी ड्रमर किंवा गायक जोडीला आला, तर त्याला याच फाइलींवर लगेच काम सुरू करता येईल.